फेलओव्हरनंतर (मुख्य सर्व्हरचं काम राखीव सर्व्हरकडे गेल्यावर) टेबलात असलेली नोंद शोधल्यावर सापडत नाही. डेटाबेस करप्ट झालाय का?

तुम्ही लिहिलंय की ग्राहक-कोडने शोधलं तर पोस्टग्रेस हा डेटाबेस शून्य ओळी देतो, अख्खं टेबल चाळलं तर ओळ दिसते, युनिक कॉलममध्ये तोच कोड दोनदा घुसलाय आणि चेकसमची (पान डिस्कवर बिघडलंय का ते ओळखणाऱ्या बेरजेची) एकही तक्रार नाही. जुना प्रायमरी (मुख्य सर्व्हर) सेंटओएस ७ वर होता, नवा रॉकी लिनक्स ८ वर आहे, हे मात्र शेवटी जाता जाता सांगितलंत. माझा संशय तिथेच आहे. डिस्क बदलायची घाई करू नका.

मजकुराचा क्रम पोस्टग्रेस सहसा ऑपरेटिंग सिस्टिमच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीला विचारतो. सेंटओएस ७ मध्ये ती २.१७ आहे, रॉकी ८ मध्ये २.२८, आणि २०१८ साली आलेल्या २.२८ मध्ये क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. स्ट्रीमिंग रेप्लिकेशन, म्हणजे राखीव सर्व्हरवर सतत प्रत ठेवण्याची सोय, इंडेक्सची (शोधासाठी क्रमाने लावलेल्या सूचीची) पानं जशीच्या तशी नेतं. म्हणजे रचना जुन्या नियमाने आणि शोध नव्या नियमाने. क्ष शेवटी असेल असं धरून शब्दकोश उघडावा आणि संपादकाने तो क मध्ये घातलेला असावा, तसं. पान धडधाकट आहे, म्हणून चेकसम गप्प.

खात्री करायला दोन्ही सर्व्हरवर एन-यूएस यूटीएफ-८ लोकेल (भाषेनुसार क्रम ठरवणारी सेटिंग) ठेवून १-१ आणि ११ या दोन ओळी (इंग्रजी आकड्यांत) सॉर्ट कमांडला द्या. जुन्यावर ११ आधी येईल, नव्यावर १-१. मग पीजी-अ‍ॅमचेक चालवा, हीप-ऑल-इंडेक्स्ड (टेबलातली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे का ते बघणाऱ्या) पर्यायासकट. इंडेक्स तपासणारं हे साधन पोस्टग्रेसच्या आवृत्ती १४ पासून सोबत येतं, त्याआधी अ‍ॅमचेक एक्स्टेंशन थेट वापरा. पूर्णांकांचे किंवा सी कोलेशनचे (जीलिबसीचे भाषिक नियम न वापरता नुसत्या बाइट्सच्या क्रमाने लावलेले) इंडेक्सही तुटलेले निघाले, तर माझं निदान चुकलं. मग स्टोरेज आणि स्प्लिट-ब्रेनकडे (दोन्ही सर्व्हर एकाच वेळी स्वतःला मुख्य समजून लिहीत होते का, याकडे) बघा.

जुन्या सर्व्हरवर परत उडी मारायचा मोह होईल. तसं करू नका. फेलओव्हरनंतरच्या नोंदी नव्या क्रमाने बसल्या आहेत, त्यामुळे तो इंडेक्स आता तिथेही चुकीचाच ठरेल.

आधी लिखाण थांबवा आणि डेटा डिरेक्टरीची प्रत काढा. मग मजकुरावरचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा, म्हणजे नव्याने बांधा. युनिक इंडेक्स दुहेरी नोंदींवर अडेल, आणि खरा वेळ तिथेच जाणार. त्या ओळी शोधताना इंडेक्स स्कॅन, इंडेक्स-ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन हे इंडेक्सवरून शोधायचे तिन्ही मार्ग बंद ठेवा, नाहीतर तोच बिघडलेला इंडेक्स तुम्हाला उत्तर देईल. नंतरची ओळ सरसकट उडवू नका: फेलओव्हरनंतरच्या ऑर्डर बहुधा तिलाच जोडलेल्या असतील. आधी त्या मूळ ग्राहकाकडे वळवा, मगच ओळ काढा. मजकुराच्या रेंजवर पार्टिशन (टेबलाचे वेगळे ठेवलेले तुकडे) असतील तर ओळी चुकीच्या पार्टिशनमध्येही गेलेल्या असू शकतात, आणि ते रीइंडेक्सने सुटत नाही.

हे सगळं उरकल्यावरच कोलेशन व्हर्जन (क्रमवारीच्या नियमांची पोस्टग्रेसने नोंदवलेली आवृत्ती) रीफ्रेश करा. ती कमांड फक्त आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा बंद करते, इंडेक्स दुरुस्त करत नाही.