डूलॅली म्हणजे आपली देवळालीच का?

एका इंग्रजी कादंबरीत एका म्हातारीबद्दल 'ती पार डूलॅली झालीय' असं वाक्य आलं, तर याचा अर्थ काय आणि नाशिकजवळच्या देवळालीशी त्याचा खरंच काही संबंध आहे का, असा प्रश्न आहे. हो, आहे, ती देवळालीच. अर्थ म्हणाल तर डोकं ठिकाणावर नसणं, वेड्यासारखं वागणं, आपण 'चळ लागलाय' म्हणतो ना, साधारण तसं.

मूळ रूप 'डूलॅली टॅप' असं जोडीनं यायचं. यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, तो आपला ताप, हिंदुस्तानीतला 'तप' गोऱ्या सोजिरांच्या तोंडी टॅप झाला. म्हणजे देवळालीचा ताप चढला, झालं! मराठीत 'डोक्याला ताप' म्हणतातच, त्यामुळे आपल्याला हे समजायला इंग्रजांपेक्षा सोपं जातं, पुढे तिकडे हा टॅप गळून गेला आणि नुसतं गावाचं नाव उरलं.

आता गावालाच हे का चिकटलं? १८६१ च्या सुमारास इंग्रजांनी देवळालीला लष्करी छावणी केली, मुंबईहून रेल्वेनं कसारा घाट चढून इथे यायचं, हवा बरी, त्यामुळे विलायतेतून आलेल्या पलटणी आधी इथे उतरायच्या आणि ज्यांची नोकरीची मुदत संपली ते परतीच्या बोटीसाठी इथेच थांबायचे. पण सैनिकांच्या बोटी साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच काळात सुटायच्या. ज्याची मुदत त्यानंतर संपली तो पुढच्या सीझनपर्यंत कित्येक महिने अडकला, काम फारसं नाही, वरून उन्हाळा मग पावसाळा, मलेरिया, दारू, जुगार, गुप्तरोग, आणि घरी जायची ओढ. चांगली वागणूक असलेले जवानसुद्धा इथे बिघडायचे, विचित्र वागायला लागायचे, असं फ्रँक रिचर्ड्स नावाच्या जुन्या सैनिकानं १९३६ च्या आपल्या आठवणींत लिहिलंय. देवळालीला वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द आला असंही सांगतात, मला मात्र हे वाट बघण्याचं कारणच जास्त पटतं, कारण शब्द डॉक्टरांचा नाही, बराकीतला आहे, सोजिरांनी एकमेकांना चिडवायला वापरलेला. आणि ज्या 'ब्लायटी'ला म्हणजे इंग्लंडला जायची ते वाट बघत होते तो शब्दही आपल्या 'विलायती'वरूनच गेलेला! मला तरी हे वाचताना त्या पोरांची दया येते, हजारो मैलांवर अडकून पडलेली आणि हातात करायला काही नाही.

पहिल्या महायुद्धानंतर १९२५ साली निघालेल्या सैनिकी बोलीच्या एका कोशात हा शब्द आलेला आहे, पुढे सैनिक घरी गेले तसा तो घराघरात पोचला. १९७४ पासून बीबीसीवर देवळालीच्या छावणीतली एक विनोदी मालिकाही बरीच वर्षं चालली.

आज ब्रिटनमध्ये तो हलक्याफुलक्या बोलण्यात येतो, सेलच्या गर्दीत लोक डूलॅली होतात, विसरभोळे आजोबा डूलॅली होतात. अमेरिकन माणसाला बहुधा कळणार नाही. खऱ्या मानसिक आजाराबद्दल बोलताना किंवा ऑफिसच्या पत्रात तो वापरू नका, वाईट दिसतं. कादंबरीतल्या त्या म्हातारीसाठी मराठीत 'म्हातारी जरा भ्रमलीय' किंवा 'सटकलीय' चालेल, लेखकाचा सूर मायेचा असेल तर पहिलं, चिडका असेल तर दुसरं.