पैसे भरण्याआधी मान्यता तपास
परदेशी विद्यापीठाची पदवी घ्यायची असेल तर फीचं नंतर बघ, आधी त्या विद्यापीठाला मान्यता कोणी दिली ते शोध. तेही त्यांच्या संकेतस्थळावर नाही, त्या देशाच्या सरकारी यादीत. कारण बनावट विद्यापीठांच्या नावाने पदव्या विकणारे लोक मान्यता देणाऱ्या बनावट संस्थाही स्वतःच उभ्या करतात. ‘परीक्षा नाही, अनुभवावर पदवी’ असं ऐकलंस की फोन ठेव.

२०१५ मध्ये कराचीच्या अ‍ॅक्झॅक्ट कंपनीचा असा धंदा उघड झाला. पदवी घेतलेल्यांकडूनच, कंपनीचे लोक सरकारी अधिकारी असल्याचं भासवून, प्रमाणीकरणाच्या नावाखाली आणखी पैसे उकळत. मला सर्वात जास्त चीड याचीच येते. फसलेला विद्यार्थी बदनामीच्या भीतीने तक्रारही करत नाही.

पैसे भरून बसला असशील तर पुढचा हप्ता थांबव, पावत्या आणि ईमेल जपून ठेव, बँकेला लगेच कळव. ती पदवी नोकरीच्या अर्जात मात्र लिहू नकोस.