ज्यांनी दार उघडलं त्यांच्यासाठी

प्रिय पोरी,

तुझं पत्र आणि तुझ्या वेब मालिकेच्या दहाही भागांच्या संहिता दोनदा वाचल्या. पहिल्यांदा गोष्ट म्हणून, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. गिरणी बंद पडून इतकी वर्षं झाली, तरी भोंग्याच्या वेळेला लोकांची मान आपोआप वर होते, हा प्रसंग बाहेरून आलेल्या लेखकाला सुचला नसता. त्यासाठी त्या गावात लहानाचं मोठं व्हावं लागतं. गोष्ट तुझी आहे आणि ती तूच सांगायला हवीस, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तरीही पहिला सल्ला कापाकापीचा आहे. दहाचे सहा भाग कर.

का ते सांगते. माझ्या पहिल्या मालिकेचे आम्ही दहा भाग लिहिले आणि चार शूट केले. पाचव्याच्या आधी नायकाला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, पैसे संपले आणि मीही थकले. एका आजोबांनी अकरा दिवस आपलं घर आम्हाला मोकळं करून दिलं होतं. दिव्यांच्या वायरी त्यांच्या झोपायच्या खोलीतून गेल्या होत्या, तरी ते एका शब्दानं बोलले नाहीत. पुढे कधीही भेटले की विचारायचे, "आपलं कधी दिसणार?" मी दोन वर्षं "लवकरच" म्हणत राहिले. मग ते गेले. ते चार भाग अजून माझ्याकडे हार्ड डिस्कवर पडून आहेत. परक्या शहरात काम अर्धवट राहिलं तर आपण तिथून निघून येतो. आपल्या गावात ते रोज समोरून चालत येतं. म्हणून मालिका सुरू करताना मी आता एकच विचारते: ही पूर्ण होईल का? बाकी सगळे निर्णय त्या एका प्रश्नाच्या पोटात येतात.

आता हिशेब कर. नेहमीच्या पटकथेच्या मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. दहा मिनिटांचे सहा भाग म्हणजे साठ पानं. नवी, छोटी टीम दिवसाला चार पानं नीट करू शकते. जास्त केली तर शेवटची दोन पानं चेहऱ्यावरच्या थकव्यासकट येतात. म्हणजे पंधरा दिवस. पावसानं, आजारपणानं, अचानक आलेल्या पाहुण्यांनी बुडणारे धरून वीस. तुझ्या टीममधले सगळे नोकरी किंवा कॉलेज करणारे, म्हणजे फक्त शनिवार-रविवार. वीस दिवस म्हणजे दहा आठवडे, अडीच महिने. दहा भाग धरलेस तर हेच चार महिन्यांवर जातं. तेवढ्या काळात कुणीतरी केस कापतं, कुणाची परीक्षा येते, कुणाचं लग्न ठरतं.

सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'चं शूटिंग ऑक्टोबर १९५२ मध्ये काशफुलांच्या माळरानावर सुरू केलं. उरलेला भाग घ्यायला आठवड्यानं परत गेले, तर फुलं गुरांनी खाऊन टाकलेली. तो प्रसंग पुरा करायला पुढच्या वर्षाचा मोसम यावा लागला. पैशांअभावी काम पुन्हा पुन्हा थांबलं आणि चित्रपट १९५५ मध्ये लोकांसमोर आला. तेवढ्या काळात गोष्टीतल्या लहान अपूचा आवाज फुटला नाही, त्याची बहीण दुर्गा मोठी दिसू लागली नाही आणि म्हातारीचं काम करणाऱ्या, ऐंशीच्या घरातल्या चुनीबालादेवी हयात राहिल्या, हे तीन चमत्कारच असं राय पुढे म्हणत. तुझ्या संहितेत बारा वर्षांचा मुलगा आहे आणि एक वृद्ध बाईही आहे. त्या दोघांचे सीन आधी उरकून घे. मोहोर, पूर, वाळलेलं गवत असं ऋतूवर टांगलेलं जे काही असेल, ते एकाच दिवसात संपेल इतकं लहान लिही.

शूटिंग भागांच्या क्रमानं करू नकोस, जागेच्या क्रमानं कर. गिरणीच्या फाटकापाशी सहा भागांत मिळून सात सीन आहेत. ते सलग दोन दिवसांत घे. यासाठी संहितेचे सगळे सीन वेगवेगळ्या कार्डांवर लिही, प्रत्येकावर जागा, वेळ, माणसं, कपडे टीप आणि कार्डं जमिनीवर पसरून जागेप्रमाणे गठ्ठे लाव. ज्या गठ्ठ्यात एकच कार्ड उरेल, ती जागा बहुतेक नकोच असते. तो सीन दुसऱ्या गठ्ठ्यात बसतो का बघ. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा बसतो, आणि पुष्कळदा आधीपेक्षा चांगला होतो.

सगळं सुरू करण्याआधी एकच सीन कर. दोन माणसं, एक खोली, दोन पानं. शूट कर, एडिट कर, आवाज लाव, रंग नीट कर, सबटायटल घाल, फाईल बाहेर काढ आणि ती मोबाइलवर, टीव्हीवर, इअरफोन लावून बघ. पहिल्या दिवशी जी चूक साठ पानांत पसरणार होती, ती दोन पानांतच सापडते. फोननं शूट करणार असशील तर यात एक गोष्ट हमखास दिसेल: फोन आपल्या मर्जीनं फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपायची ते, कमी-जास्त करतो आणि वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज हळूहळू ओठांपासून सरकत जातो. फ्रेम रेट कायम ठेवणारं अ‍ॅप वापर. एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि फोकस लॉक कर. जिथे वीज ५० हर्ट्झची असते तिथे सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेव, म्हणजे ट्यूबलाइट फडफडत नाही.

कॅमेऱ्याबद्दल एवढं पुरे. तू पत्रात तीन परिच्छेद कॅमेऱ्यावर लिहिलेस आणि आवाजावर एक ओळ. ते उलटं कर. धूसर चित्र लोक सहन करतात, पण न समजणारं वाक्य दुसऱ्यांदा ऐकायला कुणी थांबत नाही. भाड्यानं काही घ्यायचं तर आधी चांगला रेकॉर्डर, बूम (लांब काठीवरचा माइक) आणि दोन कॉलर माइक घे. रेकॉर्डरचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेव. बोलणं मोठ्यात मोठं झालं तरी रेकॉर्डरच्या मीटरवर उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस. एक माणूस फक्त आवाजासाठी ठेव. त्याच्या कानांवर हेडफोन असलेच पाहिजेत, आणि "पुन्हा घेऊ" म्हणण्याचा अधिकार त्याला तुझ्याइतकाच असला पाहिजे. फ्रिज बंद करायला सांग. आणि तो बंद करणाऱ्यानं आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवावी, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायचं राहून जात नाही. ज्यांच्या घरात आपण शूट करतो त्यांचं दूध नासू नये, हेसुद्धा दिग्दर्शनाचंच काम आहे.

प्रत्येक जागी सीन संपला की सगळ्यांना जागच्या जागी उभं करून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड कर. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. एडिटमध्ये दोन वाक्यांमधली भोकं तिनंच बुजवायची. शिवाय एक अख्खा दिवस कॅमेरा घरी ठेव आणि फक्त रेकॉर्डर घेऊन गावभर फिर. पहाटेचा पंप, शाळेची घंटा, पुलाखालून येणारा पाण्याचा आवाज, दुपारी दोनची सुस्ती, लांबून येणारी गाडी. गाव पडद्यावर दिसण्याआधी कानावर येतं. आवाजांच्या तयार संग्रहातून उचललेली पाखरं तुमच्या गावातल्या माणसाला लगेच ओळखू येतात, आणि तिथे त्याचा विश्वास तुटतो.

संवादांबद्दल. तुझी पात्रं पुष्कळ ठिकाणी पुस्तकात बोलतात तसं बोलतात, आणि जिथे गावचं बोलतात तिथे प्रेक्षकानं हसावं म्हणून बोलतात. दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. गावची बोली म्हणजे विनोदाची सोय नव्हे. रागही त्याच बोलीत येतो, हिशेबही, आणि मरणाची बातमीही. कलाकारांना एकत्र बसवून सगळी संहिता मोठ्यानं वाचून घे, ते रेकॉर्ड कर आणि ज्या वाक्याला जीभ अडखळते ते त्या माणसालाच त्याच्या शब्दांत सांगायला लाव. तेच कागदावर उतरव. बाहेरच्या प्रेक्षकासाठी बोली पातळ करू नकोस. त्यासाठी सबटायटल आहेत. ती चित्रावर कोरू नकोस, वेगळी फाईल ठेव, म्हणजे पुढे दुसऱ्या भाषेत देता येतात. ऐकू न येणाऱ्यांसाठी तुमच्याच भाषेतली सबटायटलंही दे.

आता कागद. इथे तुला संकोच वाटणार, कारण समोर काका, मामी, शाळेतले सर असतील. तरी लिहून घे. कलाकाराशी अर्ध्या पानाचा करार पुरतो: काय काम, किती दिवस, श्रेयनामावलीत नाव कसं, मानधन किती आणि पुढे मालिकेला पैसे मिळाले तर त्याचा वाटा किती. जागेच्या मालकाची सही. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची सही. लेखक तू एकटी नसशील तर सहलेखकाचीही. उद्या एखाद्या प्लॅटफॉर्मनं मालिका मागितली तर हेच कागद आधी मागतात, आणि एक सही नसेल तरी बोलणं तिथेच थांबतं. पण मला कागदाचं खरं मोल वेगळ्याच ठिकाणी कळलं. ओळखीत न बोललेल्या अपेक्षा फार असतात. कागद समोर ठेवला की त्या बोलल्या जातात, तेही भांडणाच्या आधी.

गाण्यांच्या बाबतीत कडक राहा. लोकप्रिय गाणं वापरायचं तर रचनेचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा, दोन्ही लागतात. परंपरेनं आलेलं गाणं कुणाच्या मालकीचं नसलं, तरी कुणी केलेलं त्याचं रेकॉर्डिंग त्यांचं असतं. तुमच्याच गावातल्या गळ्याकडून ते नव्यानं गाऊन घे, आणि त्या गाणाऱ्या बाईचं नाव संगीताच्या श्रेयात वर दे, आभारांच्या यादीत तळाशी नको.

पैसे परत कधी येतील, असं तू विचारलंस. जाहिरातींच्या भरवशावर राहू नकोस. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला लांब व्हिडिओंच्या वाटेनं १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं लागतं. दहा मिनिटांचा भाग पूर्ण २४,००० वेळा पाहिला गेला तर तेवढे तास होतात; लोक अर्ध्यावर सोडत असतील तर ४८,००० वेळा. आणि एवढं झाल्यावर फक्त दार उघडतं. त्यापेक्षा आधी थोडं दाखवून मग मागणं बरं. अमेरिकी लेखिका-अभिनेत्री इसा रे यांनी २०११ मध्ये आपली वेब मालिका स्वतःच्या बळावर सुरू केली आणि पहिला सीझन पुरा करायला प्रेक्षकांकडेच पैसे मागितले. ५० हजार डॉलरहून अधिक जमले. लोकांनी आधी भाग पाहिले होते आणि पैसे कशासाठी हवेत ते त्यांना नेमकं माहीत होतं. तूही गावातून बाहेर गेलेल्या लोकांकडे माग, पण एक सीन दाखवून आणि खर्चाची यादी जोडून. आणि पैसे देणाऱ्याला संहितेत बोट घालू देऊ नकोस, हेही त्याच कागदावर लिही.

रोज रात्री झोपण्यापूर्वी दिवसभराच्या फाईलींच्या तीन प्रती कर: त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेव, आणि तिन्हींतली एक दुसऱ्याच घरात.

एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे. तिसऱ्या भागातला सावकार खराच कुणीतरी आहे, हे त्याला न ओळखणाऱ्या मलाही कळलं. त्याचा धंदा, त्याची चाल, त्याच्या मुलीचं शिक्षण सगळं तसंच उचललंस. बदल. दोन-तीन माणसांचा एक माणूस कर, धंदा दुसरा दे. आणि त्याच्या मुलीला गोष्टीतून बाहेर काढ. तिनं तुझं काही केलेलं नाही, आणि तिला त्याच रस्त्यानं जायचं-यायचं आहे.

सहाही भाग तयार झाल्याशिवाय पहिला प्रसिद्ध करू नकोस. आणि तोही आधी गावात दाखव. एखादी पांढरी भिंत, प्रोजेक्टर, दोन चांगले स्पीकर. ज्यांच्या घरात शूट केलं त्यांना पुढे बसव, आणि तू मागे उभी राहून पडद्याऐवजी त्यांच्या पाठी बघ. लोक कुठे चुळबुळतात, कुठे एकदम थांबतात, ते वहीत वेळेसकट लिही. नंतर एडिटला दोन आठवडे हातात ठेव.

पुढच्या महिन्यात तो दोन पानांचा सीन झाला की मला पाठव. रंग न लावता, आवाज न सावरता, आहे तसा. सोबत ज्यांच्या खोलीत केलास त्यांचं नावही कळव.

तुझी,
ताई