नाशिकजवळ डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान कोणतं? आई-वडील सोबत असतील तर काय बघावं?

खरं सांगायचं तर नाशिक जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. पण घोटीवरून पुढे गेलं की अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य लागतं. सह्याद्री बघायचा असेल तर आम्ही नाशिककर तिकडेच वळतो. 'उद्यान' शब्दासाठी अडून बसू नका.

वाघ दिसेल या आशेने मात्र येऊ नका. इथे शेकरू दिसलं तरी दिवस सार्थकी लागला म्हणायचं.

वडीलधारी मंडळी असतील तर मी रतनवाडीच सुचवेन. भंडारदऱ्याहून जलाशयाला वळसा घालत जाणारा रस्ताच निम्मी सहल आहे. गाडी अमृतेश्वराच्या देवळापाशी जाते. शिलाहारकाळातलं हे काळ्या दगडाचं देऊळ घाईत उरकू नका. शिखरावरची बारीक जाळीदार नक्षी खालून वर नीट बघत जा. ऐन पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंडी पाण्याखाली जाते. शेजारची पुष्करणी चुकवू नका, तिच्या भिंतींतल्या कोनाड्यांत मूर्ती आहेत. मागे रतनगड, प्रवरा नदी तिथेच उगम पावते. तिच्यावरचं १९२६ साली पुरं झालेलं विल्सन धरण परतताना बघता येईल. जेवणाचं गावात आधी सांगून ठेवलंत तर पिठलं-भाकरी मिळते.

कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून चढताना लोखंडी शिड्या आहेत, पण गुडघे दुखत असतील तर पायथ्यालाच नमस्कार करावा. वर देवीचं छोटंसं देऊळ. कामाला राहिलेली कळसू केर-भांडी करायला लावली म्हणून रुसून डोंगरावर गेली, असं गावकरी सांगतात. नवरात्रात आसपासच्या वाड्यांतली माणसं दर्शनाला चढतात, तेव्हा आमच्यासारख्या ट्रेकरांचा दम आणि त्यांची चाल यातला फरक कळतो.

हरिश्चंद्रगड या खेपेला सोडा. केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडा यांना मुक्काम लागतोच, शिवाय चढ आई-बाबांना झेपणार नाही.

मे अखेर ते पावसाच्या तोंडाशी आलात तर काजवे दिसतील. हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर अख्खी फांदी एका लयीत उजळते. शनिवार-रविवारी मात्र गाड्यांच्या दिव्यांत काजवेच दिसत नाहीत, म्हणून मधला वार धरा आणि टॉर्च खिशातच ठेवा. याच भागातल्या सांदण दरीत, म्हणजे कातळातल्या अरुंद घळीत, पावसाळ्यात कुणी कितीही आग्रह केला तरी उतरू नका.