आकडे जुळेनात : वेबसाइटच्या मोजमापाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वेबसाइटची थीम बदलली आणि गुगल अ‍ॅनालिटिक्समधला ‘एंगेजमेंट रेट’ (साइटवर रमलेल्या भेटींचं प्रमाण) ५८ टक्क्यांवरून एकदम ९७ वर गेला. साइट करून देणारे म्हणतात, नव्या थीमची कमाल. पण खोल्यांच्या चौकशीचे फोन आहेत तेवढेच आहेत.
– होमस्टे चालवणाऱ्या वाचक, मालवण

उत्तर : फोनवर विश्वास ठेवा. आकडा एका रात्रीत इतका चढला असेल, तर पहिला संशय टॅग (भेटी मोजणारा कोडचा तुकडा) दोनदा बसल्याचा घ्यावा. भेट ‘एंगेज्ड’ धरायला अ‍ॅनालिटिक्सला तीनपैकी एक अट पुरते : भेट १० सेकंदांहून जास्त चालली, दोन किंवा अधिक ‘पेज व्ह्यू’ झाले किंवा तुम्ही ठरवलेली एखादी ‘की इव्हेंट’ (महत्त्वाची कृती) घडली. जुना टॅग टॅग मॅनेजरमधून (टॅग सांभाळणाऱ्या गुगलच्या साधनातून) चालू आहे आणि नव्या थीमच्या सेटिंगमध्ये कुणीतरी तोच आयडी (टॅगचा ओळख-क्रमांक) पुन्हा टाकला, की एकच पान दोनदा मोजलं जातं आणि दुसरी अट बसल्याजागी पूर्ण होते. दोन सेकंदांत पाठ फिरवलेला माणूसही मग साइटवर रमलेला दिसतो.

खात्री करायला टॅग तपासणाऱ्या ‘टॅग असिस्टंट’मध्ये साइटचा पत्ता देऊन एकच पान उघडा. तुमचा ‘जी’ने सुरू होणारा आयडी निवडा आणि पाठवलेल्या हिट्समध्ये (नोंदींमध्ये) ‘पेज व्ह्यू’ किती वेळा गेला ते मोजा. दोनदा गेला असेल तर थीममधला आयडी काढा, टॅग मॅनेजरमधला ठेवा. त्यानंतर साइटची कॅश (पानांच्या साठवलेल्या प्रती) साफ करायला विसरू नका. नाहीतर लोकांना जुनंच पान मिळत राहतं आणि दुरुस्ती फसली असं वाटतं. आयडी एकाच जागी असूनही दोन नोंदी होत असतील, तर ‘एन्हान्स्ड मेजरमेंट’मधला ब्राउझर हिस्टरीवरून पानबदल मोजणारा पर्याय बंद करून पाहा. मधल्या दिवसांचे फुगलेले आकडे मागे जाऊन सुधारता येत नाहीत. अहवालात तारखा लिहून ते बाजूला ठेवा.

प्रश्न : यंदाच्या आंब्याच्या हंगामाची गेल्या वर्षाशी तुलना करायला गुगलच्या त्याच मोजणी-साधनातल्या ‘एक्सप्लोर’ या तपशीलवार अहवालांच्या विभागात गेलो, तर दोनच महिन्यांची माहिती दिसते. शिवाय निम्म्याहून जास्त भेटी ‘डायरेक्ट’ म्हणून नोंदल्या आहेत.
– बागायतदार, देवगड

उत्तर : ‘एक्सप्लोर’साठी तपशील जपण्याची मुदत मुळातच २ महिने ठेवलेली असते. ‘अ‍ॅडमिन’मध्ये ‘डेटा रिटेन्शन’ उघडून ती १४ महिने करा. आज केलंत तर अजून न पुसलेले दोन महिने तरी वाचतील. पुसलेलं परत येत नाही. नेहमीच्या ‘रिपोर्ट्स’ विभागाला ही मुदत लागू नाही, तिथे गेल्या वर्षीचे एकूण आकडे मिळतील. १४ महिन्यांतही एक मेख आहे. गेल्या वर्षीचा मार्च यंदाच्या मेपासून पुसला जाऊ लागतो, म्हणून मार्चची तुलना एप्रिल संपायच्या आत आणि एप्रिलची मे संपायच्या आत एक्सेलमध्ये उतरवून ठेवा.

‘डायरेक्ट’मधला बराचसा भाग व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या गिऱ्हाइकांचा असणार, कारण त्या लिंकवरून येणारा माणूस कुठून आला हे सहसा कळत नाही. गुगलच्या मोफत ‘कॅम्पेन यूआरएल बिल्डर’मध्ये लिंक तयार करा : सोर्स व्हॉट्सअ‍ॅप, मीडियम सोशल, कॅम्पेनला हंगामाचं नाव. सगळं इंग्रजी लहान लिपीत लिहा, कारण मोठं अक्षर आलं की वेगळी ओळ तयार होते. मीडियममध्ये मनाने काहीही लिहिलं तर भेटी ‘अनअसाइन्ड’मध्ये (वर्गवारी न झालेल्यांत) जाऊन पडतात. साइटच्या आतल्या लिंकना मात्र सोर्स-मीडियमचं हे शेपूट कधीही लावू नका.

प्रश्न : आमच्या पाककृतींच्या साइटवर अहवालात पानांचे पत्ते टक्क्याच्या चिन्हांची माळ होऊन येतात.
– वाचक, सांगली

उत्तर : पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, ९ इंग्रजी चिन्हांत मांडलं जातं. ‘पाककृती’ एवढाच शब्द ६३ चिन्हं खातो. साइट वर्डप्रेस या प्रणालीवर असेल, तर ते लेखाच्या पत्त्याला २०० चिन्हांचीच जागा देतं, त्यामुळे जेमतेम २२ देवनागरी चिन्हांनंतर पत्ता तुटतो. अहवालात पत्त्याऐवजी ‘पेज टायटल’ घ्या. नव्या लेखांना छोटा रोमन पत्ता द्या. जुने पत्ते हौसेखातर बदलू नका. बदलायचेच असतील तर ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर नेणारी सोय) हवाच.

प्रश्न : सर्च कन्सोल (गुगल शोधातले क्लिक दाखवणारं साधन) म्हणतं १,२४० क्लिक, अ‍ॅनालिटिक्स म्हणतं गुगलवरून ८७० भेटी. विश्वस्तांना कोणता आकडा द्यायचा?
– ग्रंथालयाचे कार्यवाह, नाशिक

उत्तर : दोन्ही द्या, पण एकाच रकान्यात नको. क्लिक गुगलच्या दारात मोजला जातो, भेट तुमच्या घरात टॅग चालल्यावर. पान उघडण्याआधी परतलेले, जाहिरात-रोधक वापरणारे, कुकीला नकार देणारे मधल्या मध्ये गळतात. ग्रंथालयाच्या साइटवर मोठी गळती पीडीएफची असते : शोधातून थेट यादीची पीडीएफ उघडली तर क्लिक धरला जातो, पण पीडीएफमध्ये टॅगच नसतो. म्हणून सर्च कन्सोलमध्ये पीडीएफचे पत्ते गाळून पुन्हा बेरीज करा. तारखाही जुळणार नाहीत, कारण तिथला दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने उजाडतो, म्हणजे आपल्याकडे दुपारी १२.३० ला, थंडीत १.३० ला. रोजच्याऐवजी महिन्याचे आकडे ताडून पाहा, आणि अहवाल १ तारखेला काढू नका. अ‍ॅनालिटिक्सचे आकडे स्थिरावायला ४८ तासांपर्यंत लागतात.