लिनक्स मिंट बंद होताना दीड मिनिट अडकतो आणि सेव्ह केलेली फाइल कधीकधी जुनीच उघडते. ९० सेकंदांची मर्यादा ५ वर आणली तर चालेल का?

चालेल. ईटीसीतल्या सिस्टमडी फोल्डरात ‘सिस्टम डॉट कॉन्फ’ ही फाइल रूट म्हणून उघडा, ‘डिफॉल्ट टाइमआउट स्टॉप सेक’ या ओळीपुढचा हॅश काढा, ९० च्या जागी ५ लिहा आणि मशीन रीस्टार्ट करा. (कमांड आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलात काय टाइप करायचं ते तुम्हाला कळेलच.) विचारलंत त्याचं उत्तर इथे संपलं.

पण करू नका. हा ५ चा आकडा जिथे जाईल तिथे टाकून येणारे एक गृहस्थ माझ्या माहितीत आहेत आणि त्यांनी हात लावलेली मशीन्स निस्तरण्यात माझा बराच वेळ गेला आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

९० सेकंद ही कमाल मर्यादा आहे. धडधाकट मशीन ९० ठेवूनही पाच-सात सेकंदांत बंद होतं. सिस्टमडी (मशीन चालू-बंद होताना बाकी सगळं सांभाळणारा प्रोग्राम) प्रत्येक सर्व्हिसला, म्हणजे मागे चालणाऱ्या प्रोग्रामला, आधी सिगटर्म (‘आवरून थांब’ असा इशारा) पाठवतो, ती आपणहून थांबली तर पुढे जातो, नाही थांबली तर मुदत संपल्यावर सिगकिल (सक्तीने बंद). तुमच्याकडे दीड मिनिट जातंय म्हणजे कोणीतरी थांबत नाहीये. कोण, ते आधी बघायला नको का? बंद करताना लोगो दिसत असेल तर एस्केप दाबा, मागची अक्षरं दिसतील. ‘अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर’ याच्या पुढे जे नाव येतं तो तुमचा चोर. तिथे ‘यूजर मॅनेजर फॉर यूआयडी १०००’ असेल आणि मर्यादा २ मिनिटं दिसत असेल, तर तुमच्या ५ चा तिथे काडीचा उपयोग नाही, कारण त्या सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये (तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) तिची स्वतःची १२० सेकंदांची मुदत लिहिलेली असते आणि युनिटमधला आकडा सरसकट आकड्यावर मात करतो.

आता ते मशीन. एका डीटीपीच्या दुकानातलं. मिंट २१, १६ जीबी रॅम, सॅटा एसएसडी. दिवसभर पत्रिका, फ्लेक्स, संस्थांचे अहवाल, आणि संध्याकाळी तयार पीडीएफ पेन ड्राइव्हवर टाकून प्रेसकडे. तक्रारी दोन होत्या. बंद करताना अडकतं, आणि प्रेसवर पीडीएफ अर्धी उघडते किंवा उघडतच नाही. वर सांगितलेल्या गृहस्थांचं निदान एका वाक्याचं होतं, लिनक्स फाइली खातो. इलाजही तोच, ९० चे ५, आणि ‘स्टॉप’च्या ओळीबरोबर ‘डिफॉल्ट टाइमआउट स्टार्ट सेक’च्या ओळीतही, कारण ड्राइव्ह अनमाउंट करण्याची मुदत या दुसऱ्या ओळीवरून ठरते. त्यानंतर उलटे मोजणारे सेकंद दिसायचे बंद झाले. पीडीएफ मात्र आधीपेक्षा जास्त वेळा खराब निघायला लागली.

झालं होतं असं. कॉपी केलेली फाइल लगेच पेन ड्राइव्हवर जात नाही, आधी रॅममधल्या पेज कॅशमध्ये बसते. न लिहिलेला असा माल किती साठू द्यायचा याची कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) नेहमीची मर्यादा वापरण्याजोग्या मेमरीच्या २० टक्के, आणि मागच्या मागे लिहायला सुरुवात १० टक्क्यांवर किंवा माल ३० सेकंद जुना झाल्यावर. १४ जीबी मोकळी असेल तर २० टक्के म्हणजे २.८ जीबी. त्या दिवशीची फाइल १.८ जीबीची होती. एसएसडीवरून ती चार-पाच सेकंदांत वाचून झाली, नेमोची (मिंटच्या फाइल मॅनेजरची) पट्टी १०० टक्क्यांवर जाऊन नाहीशी झाली, ऑपरेटरने शटडाउन केलं. पेन ड्राइव्ह एक्सफॅटचा, खराखुरा लिहिण्याचा वेग सेकंदाला ६ एमबी. १८०० भागिले ६, म्हणजे ३०० सेकंद. पाच मिनिटांचं काम शिल्लक असताना अनमाउंटला (ड्राइव्ह रीतसर सोडवायला) ९० सेकंद मिळणार होते, त्याचे यांनी ५ केले.

गंमत म्हणजे ५ केल्याने मशीन लवकर बंद होत नव्हतंच. मुदत संपल्यावर सिस्टमडी अनमाउंट करणाऱ्या प्रोसेसला सिगकिल देतो, पण ती डिस्कची वाट बघत डी अवस्थेत असते आणि त्या अवस्थेत सिगकिलचाही परिणाम होत नाही. मग अगदी शेवटच्या टप्प्यात सिस्टमडी पुन्हा सिंक करतो (राहिलेलं डिस्कवर लिहायला लावतो) आणि न लिहिलेल्या मालाचा आकडा खाली येत असेल तोवर थांबून राहतो. म्हणजे वेळ तेवढाच. फरक इतकाच की आधी पडद्यावर सेकंद मोजले जात होते म्हणून माणूस थांबायचा, आता काहीच हलत नाही. पेन ड्राइव्हचा बारीक दिवा मात्र फडफडत असतो, त्याच्याकडे बघतो कोण! ऑपरेटरला वाटतं हँग झालं, तो पॉवरचं बटण दाबून धरतो, पेन ड्राइव्ह उपसतो आणि प्रेसवाल्याच्या पोऱ्याच्या हातात देतो.

‘मी बटण कधी दाबत नाही’ असं ऑपरेटर शपथेवर सांगत होता. माणसांना विचारण्यात अर्थ नसतो, जर्नल (सिस्टमची नोंदवही) वाचावं. ‘जर्नलसीटीएल वजा बी वजा १’ म्हणजे मागच्या बूटचा लॉग. त्यात मीडिया फोल्डरखालच्या त्या पेन ड्राइव्हच्या नावापुढे ‘अनमाउंटिंग टाइम्ड आउट, टर्मिनेटिंग’ आणि त्याखाली ‘माउंट प्रोसेस स्टिल अराउंड आफ्टर सिगकिल, इग्नोरिंग’ अशा ओळी होत्या. मग सगळ्या जर्नलमध्ये ‘अनक्लीनली’ हा शब्द ग्रेप केला (शोधला). वीज मध्येच तुटली की पुढच्या वेळी जर्नलडी (जर्नल लिहिणारा प्रोग्राम) लिहितो की अमुक जर्नल फाइल खराब आहे किंवा नीट बंद झालेली नाही, तिचं नाव बदलून नवी घेतोय. महिनाभरात अशा अकरा ओळी निघाल्या. (एका वेळी दोन येऊ शकतात, एक सिस्टमच्या जर्नलची आणि एक युजरच्या. मी सिस्टमच्याच मोजल्या.) लाइट गेली तरी हीच ओळ येते, पण दुकानात यूपीएस होता आणि अकराच्या अकरा संध्याकाळी कामकाज संपल्याच्या होत्या. यावर गृहस्थ म्हणाले, लॉग काय, काहीही लिहितो.

तुम्ही लॉग बघाल आणि शेवटची मिनिटं कोरी दिसतील तर चक्रावू नका. जर्नलडी साध्या नोंदी दर ५ मिनिटांनी डिस्कवर पक्क्या करतो, फक्त गंभीर पातळीच्या नोंदी ताबडतोब. बटण दाबून धरलं तर ज्या ओळी तुम्हाला हव्या असतात त्याच नेमक्या जातात.

तुमच्याकडे हेच होतंय का, ते पाच मिनिटांत कळेल. टर्मिनलात ‘वॉच’ लावून प्रॉकमधल्या मेमइन्फोतल्या ‘डर्टी’ (न लिहिलेला माल) आणि ‘राइटबॅक’ (लिहिला जात असलेला) या दोन ओळी ग्रेप करा, आणि मोठी फाइल पेन ड्राइव्हवर टाका. आकडा भसकन सतरा-अठरा लाख केबीवर जाईल, आणि मग दर दोन सेकंदांनी पडदा ताजा होताना बारा-बारा हजारांनी उतरत राहील. नेमो तोवर ‘झालं’ म्हणून मोकळा झालेला असतो. त्या दुकानात हा उतरता आकडा ऑपरेटरला दाखवला, त्यानंतर त्याला वेगळं समजवावं लागलं नाही.

उपाय दोन ओळींचा. ईटीसीतल्या ‘सिसक्टल डॉट डी’ फोल्डरात ‘६०-डर्टी डॉट कॉन्फ’ नावाची फाइल करा. पहिली ओळ, व्हीएम डॉट डर्टी अंडरस्कोर बॅकग्राउंड अंडरस्कोर बाइट्स बरोबर ६७१०८८६४. दुसरी, व्हीएम डॉट डर्टी अंडरस्कोर बाइट्स बरोबर २६८४३५४५६. म्हणजे ६४ आणि २५६ एमबी. मग सुडोने ‘सिसक्टल वजा वजा सिस्टम’. २५६ का? ६ एमबीच्या वेगाने २५६ एमबी लिहायला साधारण ४५ सेकंद लागतात, ९० च्या निम्मे. आता कॉपीची पट्टी पाच मिनिटं घेईल, पण खरं बोलेल. आणि नेमोतल्या इजेक्टच्या बाणावर क्लिक करून, काढायला हरकत नाही असा निरोप आल्यावरच पेन ड्राइव्ह काढा. ५ परत ९० करा हे सांगायला नकोच.

त्या गृहस्थांचं म्हणणं अगदी हवेतलं नाही, हेही लिहितो. २००९ मध्ये उबुंटू ९.०४ येण्याच्या सुमारास एक्सटी४ (डिस्कवर फाइली मांडण्याची लिनक्सची पद्धत) वापरणाऱ्यांच्या सेटिंगच्या फाइली मशीन क्रॅश झाल्यावर खरंच शून्य बाइटच्या निघत होत्या. एक्सटी४ जागा नेमून देण्याचं काम पुढे ढकलतो आणि बरेच प्रोग्राम एफसिंक (‘आत्ताच डिस्कवर लिही’ हा हुकूम) न करताच जुनी फाइल पुसून नवी लिहीत होते. एक्सटी४ सांभाळणारे थिओडोर त्सो यांनी त्यावर तोड काढली आणि ती २.६.३० कर्नलमध्ये आली. तेव्हाची ऐकीव गोष्ट आजच्या मशीनला चिकटवायची म्हणजे अतीच झालं.

तुमच्या दुसऱ्या तक्रारीकडे येतो. सेव्ह केलेली फाइल जुनी उघडते, तर ती मुळात उघडली कुठून होती? मेलमधल्या अटॅचमेंटवर डबल क्लिक करून उघडली असेल तर ती टेम्प फोल्डरात असते, आणि मिंट चालू होताना तो फोल्डर साफ करतो. झिपच्या आतून उघडली असेल तर होम फोल्डरातल्या लपलेल्या कॅशमध्ये तात्पुरती प्रत असते. तुम्ही सेव्ह करता ते त्या प्रतीवर. झिप अपडेट करू का असं आर्काइव्ह मॅनेजर नंतर विचारतो, आणि त्याआधी मशीन बंद केलं की मूळ झिपमध्ये जुनीच फाइल. ‘फाइल गायब’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत या दोन नेहमीच्या. लिबरऑफिसच्या फाइल मेनूतल्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ वाचा, दहा सेकंदांचं काम आहे.

टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे जा. ऑटो रिकव्हरी १० मिनिटांवर असेल तर ३ करा आणि ‘ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी’वर टिक करा. रिकव्हरीच्या प्रती होममधल्या डॉट कॉन्फिग, लिबरऑफिस, ४, यूजर, बॅकअप या वाटेवर सापडतात. आणि फाइल नुसती वाचण्यापुरती उघडत असेल तर त्याच फोल्डरात कंट्रोल एच दाबून लपलेल्या फाइली बघा. ‘डॉट टिल्डा लॉक’ने सुरू होणारी फाइल मागच्या अचानक बंद पडण्यातून उरलेली असते. दुसरं कोणी ती फाइल उघडून बसलेलं नाही याची खात्री करून ती उडवा.

शटडाउन मेनूतूनच करा. टर्मिनलातून सुडो पॉवरऑफ केलं की डेस्कटॉपला मध्ये पडायला वावच राहत नाही, ‘सेव्ह करू का’ हा प्रश्न येत नाही.

विंडोजच्या पार्टिशनवर सेव्ह होत नसेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून ‘पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ’. एनटीएफएसफिक्स मारत बसू नका, ते काही ठरावीक बिघाड तेवढे नीट करतं आणि पुढची तपासणी विंडोजवर सोपवतं, पुरती दुरुस्ती विंडोजच्या चेकडिस्कनेच करायची. आणि लिनक्सचंच रूट पार्टिशन चालता चालता फक्त वाचण्यापुरतं झालं तर डीमेसेज (कर्नलचे निरोप) आणि स्मार्टसीटीएल (डिस्कच्या तब्येतीचे आकडे) बघा. १९९ नंबरचा सीआरसीचा आकडा वाढत असेल तर आधी सॅटाची केबल बदला, १९७ वाढत असेल तर डेटा आजच्या आज दुसरीकडे न्या.

खरंच हँग झालं तर काय? पॉवरचं बटण टिचकीसारखं दाबलं तर रीतसर शटडाउनची विनंती जाते. चार सेकंद दाबून धरलं तर वीजच तुटते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या गृहस्थांना आजतागायत मान्य नाही. दाबून धरण्याआधी ऑल्ट आणि सिसरिक्वेस्ट (प्रिंट स्क्रीनचं बटण) धरून एस, यू, ओ दाबा, प्रत्येकाच्या मध्ये काही सेकंद जाऊ द्या. एस म्हणजे सिंक, यू म्हणजे सगळं वाचण्यापुरतं माउंट, ओ म्हणजे बंद. पूर्ण आर ई आय एस यू बी ची अक्षरं लोक पाठ करतात, पण उबुंटूच्या घराण्यात यातली कोणती अक्षरं चालू द्यायची हे ठरवणारा नेहमीचा आकडा १७६ म्हणजे १६ अधिक ३२ अधिक १२८ असतो. त्यात पहिली तीन चालतच नाहीत, आणि बहुतेक वेळा लागतही नाहीत.

आता राहिलेलं. डर्टीची मर्यादा कमी केल्यावर वेगवान एनव्हीएमई एसएसडीवर मोठमोठ्या फाइली लिहिताना किंचित फरक पडू शकतो. व्हिडिओचं काम असेल तर २५६ ऐवजी ५१२ ठेवा. तुमचा चोर पेन ड्राइव्ह नसून नेटवर्कवरचा फोल्डर असेल तर वरचं काही लागू नाही. तिथे बहुधा वाय-फाय आधी तुटतं आणि अनमाउंट मागे लटकतं, म्हणून ते कनेक्शन ‘सगळ्या युजर्ससाठी’ करून बघा. पडद्यावर ‘रीच्ड टार्गेट’ पॉवर ऑफ येऊनही पंखा फिरतच राहिला तर तो बायोसचा किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचा मामला.

आणि एस्केप दाबून नाव कळलं तरी कारण कळेना, तर ‘सिस्टमसीटीएल एनेबल डीबग-शेल’ करून रीबूट करा. पुढच्या वेळी अडकलं की कंट्रोल ऑल्ट एफ९ दाबा, तिथे रूटचा शेल जिवंत असतो. ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-जॉब्स’ दिलं की कोण कोणासाठी थांबलंय ते दिसतं. काम झालं की न विसरता डिसेबल करा. त्या एफ९ वर पासवर्ड लागत नाही, आणि दुकानात काउंटरला कोपर टेकून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचा हातही कीबोर्डापर्यंत पोचतो.