ठाण्याहून पणजीला जाताना मुक्काम गणपतीपुळ्याला करा, पण दोन रात्रींचा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, नाताळच्या सुट्टीत ठाण्याहून पणजीपर्यंत स्वतःच्या गाडीने जायचे आहे, सोबत पत्नी, ६ आणि ११ वर्षांची दोन मुले आणि गुडघेदुखी असलेल्या ७२ वर्षांच्या आई आहेत, जाताना कोकणात एक रात्र काढायची आहे, आणि त्यासाठी गुहागर, गणपतीपुळे आणि मालवण यांपैकी काय निवडावे. मी रत्नागिरीत राहते आणि माझे माहेर डोंबिवलीचे आहे, त्यामुळे या रस्त्याने गेली वीस-बावीस वर्षे वर्षातून दोनदा तरी येणे-जाणे होते, त्यातही बहुतेक वेळा घरातले एखादे वडीलधारे माणूस आणि लहान मुले बरोबर असतात. त्या अनुभवावरून सांगते की आपण गणपतीपुळे निवडावे, मात्र गोव्यातली एक रात्र कमी करून येथे दोन रात्री राहावे. ते जमणार नसेल आणि एकच रात्र हातात असेल, तर पुळ्याला न उतरता रत्नागिरी शहरातच मुक्काम करावा.

याचे कारण रस्त्याच्या आखणीत आहे. मुंबई-गोवा महामार्ग कोकणातून जातो खरा, पण तो समुद्राच्या काठाने जात नाही. पेण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर ही त्याच्यावरची गावे सगळी आतल्या अंगाला आहेत, आणि समुद्र पाहायचा तर बहुतेक ठिकाणी महामार्ग सोडून तीस ते पंचेचाळीस किलोमीटर वळणावळणाच्या रस्त्याने खाली उतरावे लागते व दुसऱ्या दिवशी तेवढेच पुन्हा वर यावे लागते. चिपळूणपासून गुहागर साधारण पंचेचाळीस किलोमीटर आहे, कसालहून मालवण पस्तीसच्या आसपास. नकाशावर हे अंतर बोटाच्या पेरभर दिसते, परंतु दिवसभर गाडीत बसून आलेल्या माणसाला तो शेवटचा तास संपता संपत नाही, आणि ज्या मुलांना गाडी लागते त्यांचे हाल नेमके याच टप्प्यात होतात.

आम्ही स्वतः ही चूक एकदा केली आहे. माझा मुलगा पाच वर्षांचा होता, सासूबाईंची सत्तरी उलटली होती, आणि गोव्याला जाताना वाटेत एक रात्र गुहागरला राहू असे आम्ही ठरवले. डोंबिवलीहून निघायला उशीर झाला, माणगावात गाड्यांची रांग लागली, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मुलगा गाडीतच झोपी गेला होता. सासूबाईंचे पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा घोट्याच्या मांसात रुतून त्याचा वळ उठला होता. उतरलो ते घर नारळी-पोफळीच्या वाडीत होते, समुद्र वाडीच्या बेड्यापासून, म्हणजे फाटकापासून, दोन मिनिटांवर होता, पण अंधारात वाळूतून चालणे त्यांना शक्य नव्हते, आणि सकाळी सातला आम्हाला निघायचे होते. गाडीत बसताना त्या एवढेच म्हणाल्या, "रात्रभर गाज ऐकली गं, पण समुद्र काही पाहिला नाही." पाच जणांचा खर्च आणि नव्वद किलोमीटरचा वळसा घेऊन आम्ही त्यांना फक्त झोपायला नेले होते. गुहागर फार सुंदर गाव आहे, व्याडेश्वर, हेदवीचा दशभुज गणेश, वेळणेश्वर हे सगळे तेथून हाताशी आहे, पण ते तीन दिवस सवडीने जाण्याचे ठिकाण आहे, वाटेत टेकायचे नव्हे.

मालवणची अडचण वेगळी आहे. ठाण्यापासून पणजी पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास धरली, तर मालवणला पोहोचेपर्यंत त्यातला चार-पंचमांशाहून अधिक प्रवास झालेला असतो, म्हणजे थकवा सगळा पहिल्याच दिवशी पदरात पडतो आणि दुसऱ्या दिवसासाठी जेमतेम तीन तास उरतात. आपल्या आईंच्या गुडघ्यांचा विचार करता प्रवासाची विभागणी त्याच्या उलट, निदान सारखी तरी व्हायला हवी. रत्नागिरीचा परिसर ठाण्यापासून सुमारे सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटरवर येतो आणि तेथून पणजी अडीचशेच्या आत राहते. शिवाय राजापूरच्या पुढचा, विशेषतः सिंधुदुर्गातला चौपदरी रस्ता चांगला असल्यामुळे दुसरा टप्पा अंतराच्या मानाने आणखी हलका जातो.

पहिल्या दिवशी ठाण्याहून पहाटे पाचला, फार तर साडेपाचला निघावे. हे मी आग्रहाने सांगते, कारण नाताळच्या सुट्टीत इंदापूर आणि माणगाव या पट्ट्यात कोंडी होते व ती सकाळी उन्हे वर येण्याआधी पार केली तर पुढचा दिवस आपल्या हातात राहतो. कशेडी घाटाला आता बोगद्याचा रस्ता झाला आहे, त्यामुळे मुलांना मळमळ होण्याचे एक जुने ठिकाण कमी झाले. परशुराम घाट मात्र उतरावा लागतो, आणि तो उतरलात की चिपळूण येते, तेथे जेवणासाठी थांबावे. आईंना दर दीड तासाने खाली उतरवून पाच मिनिटे चालवावे, त्या नको म्हणाल्या तरी. आपल्याकडची वडील माणसे मुलाला वाटेत उशीर होऊ नये म्हणून पाण्याचा घोट घेणेही टाळतात आणि बसल्या जागी अवघडून जातात, हे मी घरातच पाहिले आहे.

चिपळूणच्या पुढे संगमेश्वर लागते. वेळ हाताशी असेल तर महामार्गापासून जवळच असलेल्या कसबा संगमेश्वरला अर्धा तास अवश्य द्यावा. १६८९ साली संभाजी महाराजांना मोगलांनी पकडले ते याच गावी, आणि तेथले कर्णेश्वराचे प्राचीन दगडी मंदिर आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला इतिहासाच्या धड्यापेक्षा जास्त काही सांगून जाईल. गणपतीपुळ्यासाठी हातखंब्यापर्यंत, म्हणजे महामार्गावरून रत्नागिरी शहराचा रस्ता फुटतो तेथपर्यंत, जाऊ नये, त्याआधीच निवळी फाट्यावरून उजवीकडे वळून जाकादेवीमार्गे खाली उतरावे. चारच्या सुमारास निवळी सोडलेत तर सूर्यास्ताच्या आत पोहोचता. डिसेंबरात आमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, हे मुंबईकडच्या पाहुण्यांच्या लक्षात राहत नाही आणि सगळे गणित तेथेच चुकते.

दुसऱ्या दिवशी गाडीला शक्यतो हात लावू नये. पुळ्याचे देऊळ समुद्राला अगदी लागून आणि पश्चिमाभिमुख आहे, दर्शनासाठी डोंगर चढावा लागत नाही, आणि म्हणून आईंच्या दृष्टीने ते सोयीचे आहे. प्रदक्षिणा मात्र देवळाला नव्हे तर मागच्या संपूर्ण टेकडीला घालतात, कारण टेकडीच देवाचे रूप मानली जाते. ती वाट सुमारे एक किलोमीटरची, फरसबंद असली तरी चढउताराची आहे, तेव्हा आईंनी सभामंडपात बसावे आणि मुलांना घेऊन आपण सकाळी लवकर ती करून यावी. दुपारी जेवून झोप काढावी. उन्हे कलल्यावर एखाद-दोन किलोमीटरवरच्या मालगुंडला जावे. केशवसुतांचा जन्म १८६६ साली तेथे झाला, त्यांचे स्मारक आणि कौलारू घर पाहण्यासारखे आहे, आणि आईंच्या पिढीला शाळेतल्या कविता तोंडपाठ असतात, त्यामुळे तेथे त्या आपल्यापेक्षा जास्त रमतील असे मला वाटते.

समुद्राबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पुळ्याचा किनारा पोहण्याचा नाही. पाण्याखालची वाळू एकदम खोल उतरते आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते, तेथे बाहेरगावचे लोक बुडाल्याच्या बातम्या आम्ही दरवर्षी वाचतो, आणि त्यांतले पुष्कळसे चांगले पोहणारे असतात. मुलांना घोट्यापर्यंतच्या पाण्यापलीकडे जाऊ देऊ नये, ओहोटी सुरू असताना तर मुळीच नाही, आणि त्यांचा हात मोठ्या माणसाच्या हातात असावा. भरतीची वेळ काढायला आमच्याकडे जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराला पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून त्या दिवसांत संध्याकाळी पाणी दूर गेलेले असते आणि वाळूत किल्ले बांधायला ऐसपैस जागा मिळते. दिनदर्शिकेत आपल्या तारखेची तिथी पाहून मुलांचा खेळायचा वेळ ठरवता येईल.

राहण्यासाठी पर्यटन विकास महामंडळाचे निवास आहे, खासगी हॉटेले आहेत, पण आईंसाठी मी निवास-न्याहारी पद्धतीचे घर पसंत करीन. आरक्षण करताना खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, न्हाणीघरात धरायला काही आहे का, वीज गेल्यास पंख्याची सोय आहे का, आणि गाडी अंगणापर्यंत येते की रस्त्यावर लावून पाखाडीच्या पायऱ्या उतराव्या लागतात, हे पाचही प्रश्न फोनवर स्पष्ट विचारावेत. शेवटचा प्रश्न बहुतेक लोक विचारत नाहीत आणि मग सामानासह आईला चाळीस चिरेबंदी पायऱ्या उतरवण्याची वेळ येते. रात्रीचे जेवण दुपारीच सांगून ठेवावे लागते, कारण घरगुती खानावळीत माणसे मोजून भात लावतात. उशीर होणार असेल तर वाटेतून फोन करावा. आपल्या लहान मुलासाठी आणि आईंसाठी मऊ भात सांगावा. गुहागरच्या त्या रात्री घरच्या वहिनींनी न सांगता गुरगुट्या भात, वर मेतकूट आणि तुपाची धार असे ताट सासूबाईंपुढे ठेवले होते, आणि दिवसभर काही न खाल्लेल्या त्या माणसाने दोन वेळा भात मागून घेतला.

एकच रात्र काढायची असेल तर रत्नागिरी शहरात राहावे, हातखंब्यापासून ते तेरा-चौदा किलोमीटरवरच आहे. रस्ता सरळ, दवाखाने आणि औषधांची दुकाने जवळ, आणि संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर गाडी जवळपर्यंत नेता येते, म्हणजे आईंना समुद्र तरी नक्की दिसेल. सकाळी निघण्याआधी टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मघर पाहून घ्यावे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी ज्या गावी आणून ठेवले, आणि जेथे १९१६ साली त्याचा अंत झाला, ते हेच गाव. १९१० साली बांधलेला त्याचा राजवाडा वाटेवरून पाहता येतो, पण आत फिरायला वेळ ठेवावा लागेल.

पुळ्याहून निघताना आल्या वाटेने निवळीला न जाता भंडारपुळे, नेवरे, आरे-वारे या किनाऱ्याच्या रस्त्याने रत्नागिरीला यावे. अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर, आणि आरे-वारेच्या चढावर गाडी थांबवली की दोन्ही बाजूंचे किनारे एका नजरेत येतात, आईंना खाली उतरावेही लागत नाही. तेथून हातखंब्याला जाऊन महामार्ग धरला की सरळ गोवा. आईंची भक्ती असेल आणि प्रकृती ठीक असेल तर मात्र रत्नागिरीहून वीस किलोमीटरवरच्या पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचे दर्शन घेऊन, पूर्णगड, कशेळी, आडिवरे असे करीत राजापूरला महामार्गाला मिळावे. या वाटेने दीड-दोन तास जास्त लागतात, म्हणून पुळ्याहून सातला निघणे भाग आहे. कशेळीला सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, कोरलेला हत्तीचा प्रचंड आकार आहे, त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत, आणि कोकणातल्या अशा कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ साली झाला. मुले ते पाहून हरखतील, पण सड्यावर सावली नसते, तेव्हा दहा वाजून गेले असतील तर तेथे थांबू नये, आणि थांबलात तरी आईंना गावातल्या कनकादित्याच्या, म्हणजे सूर्याच्या, देवळातच बसवावे.

नाताळ ते ३१ डिसेंबर या आठवड्यात पुळ्याला खोल्या मिळणे कठीण होते, अंगारकी आली तर आणखीच. दोन रात्रींचा विचार पटत असेल तर घरमालकांना आजच फोन करावा, आणि पाच प्रश्नांतला पायऱ्यांचा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.